वाचवलेल्या माणसाचा चेहरा : काळोख्या सुपरहिरोपटांविषयी एका जुन्या चाहत्याचे मत

मॅट रीव्ह्ज दिग्दर्शित ‘द बॅटमॅन’ (२०२२) सुरू होऊन फार वेळ झालेला नसतो. हॅलोवीनची पावसाळी रात्र असते आणि गोथम शहरातल्या एका रेल्वे स्थानकात, चेहरे रंगवलेल्या पोरांचे टोळके एकट्या प्रवाशाला घेरून उभे असते. अंधारातून जड बुटांचा आवाज येतो, बॅटमॅन पुढे होतो, ‘मी म्हणजे सूड’ एवढेच सांगतो आणि त्या पोरांना बेदम मारतो. टोळके पांगते. खाली पडलेला प्रवासी मान वर करून आपल्याला सोडवणाऱ्याकडे पाहतो आणि गयावया करतो, की मला मारू नका. चाळीसेक वर्षे सुपरहिरोंच्या कथा वाचण्यात आणि पाहण्यात घालवलेल्या माझ्यासारख्या प्रेक्षकाला ते वाक्य ऐकून खुर्चीत सावरून बसावे लागले, कारण या शतकातल्या काळोख्या सुपरहिरोपटांविषयी माझी जी तक्रार होती, की त्यांत वाचवलेल्या माणसाकडे कोणी पाहतच नाही, ती या चित्रपटाने स्वतःच, पहिल्या काही मिनिटांत, माझ्यापेक्षा नेमकेपणाने मांडली होती. (पुढे अनेक चित्रपटांचे शेवट उघड केले आहेत. ज्यांना ते नको असतील त्यांनी आधी चित्रपट पाहावेत.)

तक्रार काळोखाविरुद्ध आहे असा समज होऊ नये, म्हणून आधी थोडा इतिहास सांगतो. आमच्या पिढीतले पुष्कळ चाहते ‘पूर्वीचे सुपरहिरो किती निर्मळ होते’ असा गळा काढतात आणि ते खरे नसते. १९३८ मध्ये जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी निर्माण केलेला सुपरमॅन पहिल्याच अंकात बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवतो आणि राजकारण्यांना वश करणाऱ्या एका दलालाला उचलून तारांवरून धावत सुटतो, म्हणजे तो माणूस भीतीने अर्धमेला व्हावा. १९३९ मधल्या पहिल्या बॅटमॅनकथेत गुन्हेगार आम्लाच्या टाकीत पडून मरतो आणि बॅटमॅनला त्याचे यत्किंचितही वाईट वाटत नाही. पुढच्या वर्षी तर तो विमानातून मशीनगन चालवतो. हे नायक सभ्य झाले ते नंतर, संपादकांनी लगाम घातला म्हणून, आणि १९५४ मध्ये अमेरिकेतल्या कॉमिक्स-प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतल्यावर तर ते अगदीच गोजिरवाणे झाले. १९६६ च्या दूरचित्रवाणी मालिकेतला ॲडम वेस्टचा बॅटमॅन हे त्या गोजिरवाणेपणाचे टोक होय. मला तो आजही आवडतो, हे कबूल करून पुढे जातो.

माझे स्वतःचे बालपण इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर, म्हणजे ‘फँटम’वर, पोसलेले होते. वेताळाच्या गोष्टीत खून, चाचेगिरी, गुलामांचा व्यापार असे सगळे असायचे आणि तरीही त्या गोष्टी वाचून झोप छान लागायची. त्यानंतर कधीतरी शेजाऱ्यांकडे भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर रिचर्ड डॉनर यांचा १९७८ चा ‘सुपरमॅन’ पाहिला. त्या चित्रपटातले हेलिकॉप्टरचे दृश्य सर्वांना ठाऊक आहे. इमारतीच्या गच्चीवरून पत्रकार लोइस लेन खाली पडते, सुपरमॅन झालेला ख्रिस्तोफर रीव्ह तिला हवेतच झेलतो आणि ‘घाबरू नका, मी तुम्हाला धरले आहे’ असे म्हणतो, त्यावर ती किंचाळून विचारते, की मला तुम्ही धरले आहे, पण तुम्हाला कोणी धरले आहे? सगळे दृश्य त्या प्रश्नासाठी रचलेले आहे. उडणारा माणूस दिसतो तो वाचलेल्या बाईच्या डोळ्यांतून. त्यानंतर तो झाडावर अडकलेले मांजर एका लहान मुलीला काढून देतो, ती घरात जाऊन आईला सांगते आणि आतून आईचा आवाज येतो, खोटे बोलते म्हणून तिला चापट बसते. हसू येते आणि जरा वाईटही वाटते. या दोन दृश्यांनी नकळत माझ्या हाती एक मोजपट्टी दिली. सुपरहिरोपट पाहताना मी वाचवणाऱ्यापेक्षा वाचलेल्या माणसाकडे अधिक पाहतो : दिग्दर्शकाने त्याला चेहरा दिला आहे का, त्याला एखादे वाक्य दिले आहे का, की तो केवळ नायकाच्या पराक्रमाचा हिशेब ठेवण्यापुरता आहे.

आजच्या काळोखाचे मूळ १९८६ मध्ये आहे. त्या वर्षी फ्रँक मिलर यांचा वयस्क, कडवट बॅटमॅन आला आणि ॲलन मूर व डेव्ह गिबन्स यांची ‘वॉचमेन’ ही कॉमिक्समालिका सुरू झाली. दोन्ही कृती थोर आहेत, पण मूर यांनी मुखवटा घालून गुन्हेगारांना बदडणाऱ्यांची जी चिकित्सा केली होती, ती नंतरच्या अनेकांनी शैली म्हणून उचलली. रोगाचे वर्णन वाचून रोग्यासारखे कपडे शिवून घ्यावेत, तसे ते झाले. चित्रपटांत मात्र हा बदल लगेच मुरला नाही. टिम बर्टन यांचा १९८९ चा बॅटमॅन गडद होता, परंतु १९९७ पर्यंत ती चित्रपटमालिका निऑन दिव्यांच्या जत्रेत जाऊन पोहोचली आणि तिथेच थांबली.

मग २००५ मध्ये ख्रिस्तोफर नोलन आले. त्यांच्या त्रयीतला मधला चित्रपट, ‘द डार्क नाइट’ (२००८), हा या संपूर्ण प्रकारातला माझ्या मते सर्वांत यशस्वी काळोख आहे. हीथ लेजर यांच्या जोकरविषयी इतके लिहिले गेले आहे, की मी त्यात भर घालणार नाही. शिकागोच्या रस्त्यावर खराखुरा ट्रक उलटवून चित्रित केलेला प्रसंगही सर्वांच्या लक्षात आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो दोन बोटींचा प्रसंग. एका बोटीत सामान्य नागरिक आहेत, दुसरीत तुरुंगातले कैदी, आणि प्रत्येक बोटीवर समोरची बोट उडवण्याचे कळयंत्र ठेवलेले आहे. नागरिकांच्या बोटीवर मतदान होते आणि बहुमत उडवण्याच्या बाजूने पडते, परंतु कळ दाबायला कोणाचा हात धजत नाही. कैद्यांच्या बोटीवर एक धिप्पाड कैदी अधिकाऱ्याकडून ते यंत्र मागून घेतो आणि खिडकीतून पाण्यात भिरकावतो. बॅटमॅन या वेळी दुसरीकडे जोकरशी झुंजतो आहे आणि बोटींवर काय चालले आहे त्यात त्याचा हात नाही. इतक्या निराश चित्रपटात, जिथे नायकाची प्रेयसी मरते, शहराचा प्रामाणिक वकील खुनी होतो आणि बॅटमॅन गोथमच्या प्रत्येक फोनवर पाळत ठेवतो, तिथे दिग्दर्शकाने कथेचा तोल नाव नसलेल्या माणसांच्या हाती दिला. नोलन यांचा काळोख मला सोसतो तो यामुळे. तिसरा भाग मला पसरट वाटला. त्यातला भूमिगत तुरुंग चढून बॅटमॅन वर येतो तेव्हा मागे जोधपूरचा मेहरानगड दिसतो आणि त्या क्षणी आमच्या रांगेतून जो हुंकार उमटला तो मात्र अजून कानात आहे.

पुढचा टप्पा झॅक स्नायडर यांचा. येथे मला अधिक थांबावे लागेल, कारण माझ्या ओळखीच्या चाहत्यांमध्ये सर्वांत कडाक्याची भांडणे याच चित्रपटांवरून झाली आहेत आणि माझी दोन्ही बाजूंनी गैरसोय झालेली आहे. ‘मॅन ऑफ स्टील’ (२०१३) हा चित्रपट दिसायला देखणा आहे. हेन्री कॅव्हिल अंगकाठीने आणि चेहऱ्याने सुपरमॅन म्हणून शोभतो, आणि पहिल्या उड्डाणाचे दृश्य, ज्यात तो आधी पडतो आणि मग उडतो, ते या प्रकारातल्या उत्तम दृश्यांपैकी एक आहे. लहानपणीचा क्लार्क, म्हणजे पुढचा सुपरमॅन, नदीत कोसळलेली शाळेची बस बाहेर काढतो. वडील त्याला बजावतात, की तुझे सामर्थ्य लपवून ठेव. मुलगा विचारतो, मग मी काय करायला हवे होते, त्यांना मरू द्यायचे होते का? वडील उत्तरतात, ‘कदाचित’. या एका शब्दावर तासन् तास वाद झाले आहेत. मला तो शब्द खटकला नाही, कारण घाबरलेला बाप असेच बोलेल. खटकले ते हे, की चित्रपट जणू त्या बापाच्याच बाजूने उभा राहिला. वादळात वडील हात वर करून मुलाला अडवतात आणि मुलगा त्यांना डोळ्यांदेखत मरू देतो.

शेवटच्या तासाभरात मेट्रोपोलिस शहर कोसळते. इमारतीमागून इमारत ढासळते, धूळ उठते, आणि आपण पाहत राहतो. या सगळ्यात वृत्तपत्राच्या कचेरीतले तिघे जण ढिगाऱ्याखालून सुटतात आणि त्यांच्यातली तरुणी म्हणते, ‘त्याने आपल्याला वाचवले’. हे ती म्हणते तेव्हा सभोवती राखेचे मैदान पसरलेले आहे. वाक्य खोटे नाही, पण ते इतके एकाकी पडते, की ऐकून संकोच वाटतो. त्यानंतर खलनायक झॉड रेल्वे स्थानकात एका कुटुंबावर डोळ्यांतले किरण रोखतो आणि सुपरमॅन त्याची मान मोडतो. नायकाने मारावे की नाही, हा वाद मी बाजूला ठेवतो. मला दिसते ते एवढेच, की मान मोडल्यावर कॅमेरा सुपरमॅनच्या आक्रोशावर खिळतो. ज्यांच्यासाठी हे पाप त्याने पत्करले, त्या माणसांपेक्षा त्याचे दुःख मोठे ठरते.

‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ (२०१६) या पुढच्या चित्रपटाबद्दल मी बहुतेकांपेक्षा थोडा सौम्य आहे. त्याची सुरुवात तोच विध्वंस जमिनीवरून दाखवते. ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्याविना बॅटमॅन, धुळीच्या लोटात धावत शिरतो, एका लहान मुलीला ढिगाऱ्यापासून ओढून घेतो आणि तुझी आई कुठे आहे असे विचारतो, तेव्हा ती कोसळलेल्या इमारतीकडे बोट दाखवते. स्नायडर यांनी टीका ऐकली होती आणि तिचे उत्तर एका दृश्यात दिले होते, असे मला वाटते. परंतु तोच चित्रपट पुढे सुपरमॅनच्या बचावकार्यांची जी मालिका दाखवतो, तिच्यात पुरात बुडालेल्या घराच्या छपरावर माणसे हात पसरून उभी आहेत, छपरावर त्याचे चिन्ह रंगवलेले आहे, आणि तो वर आकाशात तरंगतो आहे. दृश्य एखाद्या देवळाच्या भिंतीवरील चित्रासारखे सुंदर आहे. पण खाली उतरून त्या माणसांना उचलण्याआधी देव असा तरंगत का राहिला, हे मला आजतागायत कळलेले नाही. दरम्यान बॅटमॅन गुन्हेगारांच्या अंगावर तापलेला शिक्का उमटवतो आणि त्याच्या गाडीखाली व गोळीबारात माणसे मरतात. हा काळोख दाट आहे, त्याची चित्रे भव्य आहेत, आणि त्यात माणसे राहत नाहीत.

‘जोकर’ (२०१९) मी या हिशेबात धरत नाही. वाकीन फीनिक्स यांचा अभिनय आणि हिल्डुर ग्वुडनाडोटिर यांचे संगीत, दोघांनाही ऑस्कर मिळाले आणि ते योग्यच होते, पण तो एका एकाकी माणसाच्या ढासळण्याचा चित्रपट आहे आणि सुपरहिरोंच्या दुकानात तो केवळ पाटीमुळे विकला गेला.

‘लोगन’ (२०१७) मात्र खरा काळोखा आहे, कदाचित सगळ्यांत अधिक. जेम्स मँगोल्ड यांच्या या चित्रपटात वुल्व्हरीन, म्हणजेच लोगन, म्हातारा झाला आहे, त्याच्या हाडांवरचा धातू त्यालाच विषासारखा भिनतो आहे, आणि त्याचा वृद्ध गुरू प्रोफेसर एक्स याच्या मनःशक्तीच्या झटक्यांनी आसपासच्यांचे प्राण जाऊ शकतात. मध्यावर एक साधेसुधे शेतकरी कुटुंब रस्त्यात मदत मिळाल्याची परतफेड म्हणून या दोघांना आणि त्यांच्यासोबतच्या लहान मुलीला रात्री जेवायला बोलावते. टेबलाभोवती हसणे-खिदळणे होते, आणि त्या पाहुणचाराची किंमत म्हणून मध्यरात्रीपर्यंत घरातली सर्व माणसे मारली जातात. घरचा कर्ता पुरुष मरता मरता बंदूक लोगनवरच रोखतो आणि चाप ओढतो. गोळी संपलेली असते. सुपरहिरोंच्या पडद्यावर कोणा सामान्य माणसाने नायकाला इतके सरळ उत्तर दिल्याचे मला दुसरे उदाहरण आठवत नाही. लोगनही त्यावर काही बोलत नाही. या चित्रपटाची कृष्णधवल आवृत्तीही निघाली आणि हौसेने मी तीही पाहिली. पण मूळ रंगांत ती उन्हाने करपलेली जमीन जशी अंगावर येते तशी राखाडी छटांत येत नाही.

आता पुन्हा ‘द बॅटमॅन’कडे. दोन तास छपन्न मिनिटांचा हा चित्रपट मी तीनदा पाहिला आहे आणि दर वेळी मधला भाग लांबल्यासारखा वाटला आहे. गुंडांचा म्होरक्या फाल्कोनी, ब्रूसचे वडील थॉमस वेन यांचे जुने पाप, पोलिसांतली साखळी हे धागे गुंतवताना संवादांचे ओझे वाढते आणि खुनी खलनायक रिडलरची कोडी, जी पहिल्या तासात उत्सुकता ताणतात, ती दुसऱ्या तासात कारकुनी वाटू लागतात. शेवटी मनोरुग्णालयाच्या कोठडीत दुसऱ्या एका खलनायकाचे दर्शन घडवले आहे, ते पुढच्या भागाची जाहिरात म्हणून ठीक आहे, पण या कथेला त्याची गरज नव्हती. रॉबर्ट पॅटिन्सन यांचा ब्रूस वेन हा दिवसा जगण्याचे विसरलेला तरुण आहे. पूर्वीचे वेन मेजवान्या देत आणि मुखवट्यावर दुसरा मुखवटा चढवत. याला तेही जमत नाही, आणि ती निवड मला आवडली. कॉलिन फॅरेल यांचा पेंग्विन हा गुंड रंगभूषेखाली ओळखू येत नाही आणि चित्रपटातला विनोद बहुतेक त्याच्याच वाट्याला आला आहे. जेफ्री राइट यांचा गॉर्डन दमलेल्या, पण सरळ पोलिसाचा उत्तम नमुना आहे.

ग्रेग फ्रेझर यांचे छायाचित्रण हा वेगळा विषय आहे. काळा आणि शेंदरी, या दोनच रंगांवर त्यांनी चित्रपट पेलला आहे. पेंग्विनच्या पाठलागाच्या दृश्यात पाऊस, समोरून येणारे दिवे आणि काचेवरचे पाणी यांतून गाडी धड दिसत नाही, आणि तरीही कोण कुठे आहे हे कळत राहते. आगीच्या लोळातून बॅटमॅनची गाडी झेपावते आणि मग उलटलेल्या गाडीत अडकलेल्या पेंग्विनच्या नजरेतून तो डोके खाली, पाय वर असा चालत येताना दिसतो, तेव्हा थिएटरात पूर्ण शांतता होती. मायकेल जियाकिनो यांची चार सुरांची धून या चालीला जी जडशीळ लय देते ती घरी परतल्यावरही डोक्यातून जात नाही.

पण माझ्या मोजपट्टीने पाहिले तर चित्रपटाचे खरे काम शेवटच्या अर्ध्या तासात आहे. रिडलरने समुद्रालगतचा बंधारा स्फोटांनी फोडून शहरात पाणी सोडले आहे आणि आसऱ्याला आलेल्या लोकांवर त्याचे अनुयायी वरून गोळीबार करत आहेत. त्यांच्यापैकी एकाला बॅटमॅन जवळजवळ ठार मारेपर्यंत ठोसे मारतो, गॉर्डन त्याला ओढून काढतो, आणि तू कोण आहेस असे विचारल्यावर तो माणूस उत्तरतो, ‘मी? मी म्हणजे सूड’. स्थानकावर उच्चारलेले ते वाक्य अडीच तासांनंतर त्याच्याच तोंडावर परत येते. बॅटमॅन काही बोलत नाही. थोड्या वेळाने तो स्वतःला खाली पाण्यात झोकून देतो, लाल मशाल पेटवतो आणि ढिगाऱ्याखाली अडकलेल्यांपुढे हात करतो. सगळे आधी कचरतात. स्थानकावरचा तो प्रवासी कचरला होता, तसेच. मग खून झालेल्या महापौरांचा लहान मुलगा पहिल्यांदा त्याचा हात धरतो. वरून घेतलेल्या दृश्यात काळ्या पाण्यातून एक लाल ठिपका पुढे सरकतो आणि त्याच्यामागे माणसांची रांग चालते. पहाटे जखमींना हेलिकॉप्टरने हलवताना स्ट्रेचरवरची एक बाई त्याचा हात घट्ट धरते आणि सोडायला तयार होत नाही. दिवसाच्या उजेडात हा बॅटमॅन आपल्याला पहिल्यांदा तिथे दिसतो. पहिल्या दृश्यातल्या प्रवाशाला काय वाटले असेल, याचे उत्तर दिग्दर्शकाने तीन तासांनी त्या बाईच्या हाती दिले, आणि मधल्या भागाचा पसारा त्यासाठी मी माफ केला.

२०२५ मध्ये जेम्स गन यांचा ‘सुपरमॅन’ आला तेव्हा काळोखाचे युग संपले असे अनेकांनी जाहीर केले. रंग झगमगीत आहेत, कुत्रा खोडकर आहे, राक्षसी प्राण्याशी लढताना नायक एका खारीलाही वाचवतो. पण त्याच चित्रपटात फलाफल विकणारा एक साधा विक्रेता आहे, जो रस्त्याला पडलेल्या खड्ड्यातून सुपरमॅनला हात देऊन उठवतो, आणि नंतर खलनायक लेक्स लूथर त्याला सुपरमॅनच्या डोळ्यांसमोर गोळी घालतो. इतके निर्घृण दृश्य स्नायडर यांच्या चित्रपटांतही मी पाहिलेले नाही. फरक हा, की त्या विक्रेत्याचे नाव आपल्याला कळते आणि मरण्यापूर्वी तो सुपरमॅनशी बोलतो.

पाहण्याविषयी दोन व्यावहारिक गोष्टी. हे चित्रपट दिवसा, दिवाणखान्याच्या पडद्यांतून ऊन येत असताना पाहू नयेत. ‘द बॅटमॅन’ पहिल्यांदा मी थिएटरात पाहिला तो स्वच्छ दिसला, आणि दुसऱ्यांदा घरच्या टीव्हीवर दुपारी लावला तेव्हा पडद्यावर चित्रपटापेक्षा माझेच प्रतिबिंब अधिक दिसत होते. ‘मॅन ऑफ स्टील’ मी आमच्या भागातल्या एका चित्रपटगृहात थ्रीडी चष्म्यातून पाहिला होता. तिथल्या प्रोजेक्टरचा दिवा मिणमिणता असावा, कारण आधीच राखाडी असलेले ते शहर चष्म्यामागे पार बुडून गेले होते, म्हणून शक्य असेल तेथे साधी आवृत्तीच पाहावी. हिंदी भाषांतरित आवृत्त्या सहज मिळतात, पण पॅटिन्सन यांचे पुटपुटणे मूळ भाषेतच, उपशीर्षकांसह ऐकावे. मुलांबाबत म्हणाल तर ‘लोगन’ आणि ‘जोकर’ लहानांना अजिबात दाखवू नयेत. ‘द बॅटमॅन’ माझ्या तेरा वर्षांच्या भाच्याने माझ्याशेजारी बसून पाहिला. पाठलाग त्याला आवडला, कोड्यांच्या वेळी तो मोबाइल चाळू लागला, आणि चित्रपट संपल्यावर त्याने विचारले, की त्या स्थानकावरच्या माणसाला नंतर घरी कोणी सोडले?